विश्लेषण : ‘मोफत’ अ‍ॅप ‘मुक्त’ असते का? मोबाइलमधला ब्राउझर तुमच्याबद्दल कुणाला काय सांगतो?

सातबारा पाहायचा, पीक पाहणी नोंदवायची, नुकसानीची सूचना विमा कंपनीला द्यायची, सोयाबीनचा भाव बघायचा. धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या गावात ही सगळी कामे आता मोबाइलवर आली आहेत. त्यासाठी लागणारा ब्राउझर आणि बहुतेक अ‍ॅप यांना एक रुपयाही मोजावा लागत नाही. पण फुकट मिळालेली वस्तू आपल्या ताब्यात असतेच असे नाही. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, त्यामुळे गेली चाळीस वर्षे गोंधळ सुरू आहे. मराठीत मात्र दोन स्वतंत्र शब्द आहेत: मोफत आणि मुक्त. या दोन शब्दांमधला फरक समजला, की मोबाइलमध्ये काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे हे ठरवणे सोपे जाते.

ढोकीत मोबाइल वापरणे ऐच्छिक राहिले आहे का?

ढोकी हे धाराशिव तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे ते जिल्ह्याबाहेरही ओळखले जाते. ऊस आणि सोयाबीन ही या भागातली महत्त्वाची पिके. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद अ‍ॅपवरून होऊ लागली. त्यानंतर शेतकरी ओळख क्रमांक आला आणि २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो आवश्यक झाला.

मुदतीत नोंद न झाल्याची किंमत या जिल्ह्याने पाहिलेली आहे. २०२० च्या खरिपात अतिवृष्टीने पिके गेली. मात्र ७२ तासांत ठरलेल्या मार्गाने सूचना दिली नाही, या कारणावरून साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना पीक विमा नाकारला गेला. त्यासाठी शेतकऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठावावे लागले आणि २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

म्हणजे ‘नको वाटत असेल तर मोबाइल वापरू नका’ हा सल्ला इथे चालत नाही. मोबाइल वापरावाच लागणार असेल, तर तो कुणासाठी काम करतो, हा प्रश्न शहरातल्या हौशी लोकांपुरता राहत नाही. तो शेतकऱ्याचाही होतो.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांत फरक काय?

मोफत म्हणजे पैसे न घेता दिलेले. मुक्त सॉफ्टवेअरचा संबंध किमतीशी नाही, हक्काशी आहे. अमेरिकेतील प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ स्थापन केले. त्यांच्या व्याख्येनुसार सॉफ्टवेअर मुक्त असण्यासाठी वापरणाऱ्याला चार हक्क हवेत: ते कोणत्याही कामासाठी वापरणे, ते कसे चालते हे त्याचा मूळ संकेत, म्हणजे सोर्स कोड, उघडून पाहणे, त्याच्या प्रती वाटणे आणि त्यात बदल करून तो बदल इतरांना देणे.

या व्याख्येत किंमत कुठेच नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकताही येते आणि मोफत सॉफ्टवेअर पूर्णपणे बंदिस्त असू शकते. व्हॉट्सअ‍ॅप मोफत आहे, पण त्याचे अ‍ॅप मुक्त नाही. गुगल क्रोमची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो ‘क्रोमियम’ या खुल्या प्रकल्पावर उभा आहे, मात्र आपल्या फोनमध्ये येतो तो क्रोम गुगलने स्वतःची भर घालून बंद केलेला असतो. अँड्रॉइडचेही तसेच. त्याच्या तळाशी असलेले लिनक्स मुक्त आहे, त्यावर चढवलेल्या गुगलच्या सेवा मुक्त नाहीत.

ज्याला कोड वाचता येत नाही, त्याला याचा काय फायदा?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. याचे उत्तर ऊसपट्ट्यात समजावून सांगायला सोपे आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी चढते तेव्हा काट्याची यंत्रणा उघडून तपासणे एकट्या शेतकऱ्याला शक्य नसते. तरीही काटा तपासता आला पाहिजे, भरारी पथक अचानक आले पाहिजे, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस स्वीकारला गेला पाहिजे, या मागण्या शेतकरी संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. प्रत्येकाने काटा तपासावा असे कुणी म्हणत नाही. कुणीही तो तपासू शकतो, एवढी जाणीवही काटामारीला बराच आळा घालते.

मुक्त सॉफ्टवेअरचे तत्त्व हेच आहे. कोड खुला असेल तर विद्यापीठातले संशोधक, स्पर्धक कंपन्या, पत्रकार किंवा एखादा अनोळखी अभियंता त्यात डोकावू शकतो. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये काटाही कंपनीचा, नोंदवहीही कंपनीची आणि तपासणी अधिकारीही कंपनीचाच असतो.

ब्राउझर नेमके काय सांगतो?

ब्राउझर हे इंटरनेटवर जाण्याचे दार आहे. दारातून कोण कधी गेले याची नोंद ठेवणे सर्वात सोपे असते. त्याचे तीन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग कुकीचा. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत जन्मलेली ही छोटी फाइल मुळात संकेतस्थळाला ‘हा तोच ग्राहक’ हे लक्षात राहावे म्हणून होती. पुढे जाहिरात कंपन्यांनी हजारो संकेतस्थळांवर आपले तुकडे बसवले आणि तीच कुकी माग काढण्यासाठी वापरली. म्हणूनच एका ठिकाणी ट्रॅक्टरच्या कर्जाचे व्याज पाहिले, की दुसऱ्या दिवशी बाजारभावाच्या बातमीखाली ट्रॅक्टरचीच जाहिरात दिसते. अशा ‘थर्ड पार्टी’ कुकी अ‍ॅपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये पूर्णपणे रोखल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात बंद ठेवायला सुरुवात केली. गुगलने क्रोममधून त्या दोन वर्षांत काढण्याचे आश्वासन जानेवारी २०२० मध्ये दिले होते. ते अनेकदा पुढे ढकलले गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये हा बेत सोडून देण्यात आला.

दुसरा मार्ग ‘फिंगरप्रिंटिंग’. यात फोनमध्ये काहीच साठवले जात नाही. पडद्याचा आकार, फाँट, भाषा, वेळ, ब्राउझरची आवृत्ती अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की एक ओळखचिन्ह तयार होते. ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ने २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८० टक्क्यांहून अधिक ब्राउझर असे एकमेवाद्वितीय निघाले होते.

तिसरा मार्ग खात्याचा. ब्राउझरमध्ये गुगल खाते जोडलेले असेल आणि सिंक सुरू असेल, तर पाहिलेल्या पानांचा इतिहास फोनपुरता राहत नाही, त्या खात्यात जमा होतो.

‘इनकॉग्निटो’ म्हणजे गुप्त नव्हे का?

नाही. इनकॉग्निटो खिडकी बंद केली की त्या फोनवर किंवा संगणकावर इतिहास उरत नाही, एवढेच तिचे काम. समोरचे संकेतस्थळ, इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि जाहिरात यंत्रणा यांना ती थांबवत नाही. याच मुद्द्यावर गुगलविरुद्ध अमेरिकेत २०२० मध्ये सामूहिक खटला दाखल झाला. २०२४ च्या तडजोडीत गुगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे आणि इनकॉग्निटोची सूचना अधिक स्पष्ट शब्दांत लिहिण्याचे मान्य केले.

जून २०२५ मध्ये युरोपातील संशोधकांनी याहून धक्कादायक प्रकार उघड केला. अँड्रॉइड फोनमधील फेसबुक आणि इन्स्टाग्राम अ‍ॅप पार्श्वभूमीवर कान देऊन बसत होते. मेटा कंपनीचा ‘पिक्सेल’ बसवलेले संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडले, की त्या भेटीची खूण फोनच्या आतल्या आत या अ‍ॅपकडे पोहोचत होती. कुकी पुसली, इनकॉग्निटो उघडले, तरी उपयोग नव्हता. रशियाची यांडेक्स कंपनी हेच तंत्र २०१७ पासून वापरत असल्याचे आढळले. हा प्रकार जगजाहीर झाला त्याच दिवशी मेटाने तो थांबवला. काटा तपासणारा बाहेरचा माणूस का लागतो, हे सांगायला इतके एक उदाहरण पुरेसे आहे.

इनकॉग्निटोचा उपयोग मात्र एका ठिकाणी जरूर होतो. सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान किंवा नेट कॅफे, म्हणजे जिथे एकच संगणक दिवसभर अनेक जण वापरतात, तिथे खाते उघडायचे असेल तर इनकॉग्निटो वापरणे शहाणपणाचे. तिथे डाउनलोड केलेली आधार कार्डाची फाइल मात्र स्वतःच पुसावी लागते, ती खिडकी बंद केल्याने जात नाही.

ब्राउझर फुकट, मग पैसे कोण देते?

गुगलची मूळ कंपनी अल्फाबेटच्या उत्पन्नाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जाहिरातींतून येतो. जगातील सुमारे दोन-तृतीयांश ब्राउझर वापर क्रोमचा आहे. म्हणजे जाहिराती विकणारी कंपनीच बहुतेकांच्या घराचे दार बनवते. क्रोमच्या विस्तारांसाठी गुगलने ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ ही नवी नियमावली लागू केली. परिणामी ‘यूब्लॉक ओरिजिन’ हा लोकप्रिय, मुक्त जाहिरातरोधक २०२५ मध्ये क्रोमवर चालेनासा झाला. हा बदल सुरक्षेसाठी आणि वेगासाठी असल्याचे गुगल सांगते. टीकाकारांना त्यात हितसंबंध दिसतो. मोबाइलवरील क्रोममध्ये तर असे विस्तार जोडताच येत नाहीत. फायरफॉक्सच्या अँड्रॉइड आवृत्तीत यूब्लॉक ओरिजिन आजही चालतो.

याला दुसरी बाजूही आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे बहुतेक उत्पन्न येते ते गुगलला मूळ शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून. मुक्त सॉफ्टवेअरलाही पोट असते आणि ते कोण भरते याचा हिशेब चुकत नाही. गुगलने शोध बाजारपेठेत बेकायदा मक्तेदारी राखली, असा निकाल अमेरिकी न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. पण सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना क्रोम विकायला लावले नाही आणि असे पैसे देण्यावर सरसकट बंदीही घातली नाही. भारतात स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला होता.

माहिती गेली तर प्रत्यक्ष नुकसान काय?

जाहिरात दिसणे हा त्रास आहे, धोका त्यापुढे आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये कर्ज देणाऱ्या सुमारे ११०० अ‍ॅपची पाहणी केली, त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा आढळली. अशी अ‍ॅप कर्ज देतानाच फोनमधील संपर्क आणि छायाचित्रे यांची परवानगी घेत. हप्ता थकला की नातेवाइकांना फोन आणि बदनामीची धमकी सुरू होई. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आणून संपर्क यादी, कॉलच्या नोंदी आणि छायाचित्रे पाहण्यास अशा अ‍ॅपना मनाई केली. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलने प्ले स्टोअरवरून २२०० हून अधिक कर्ज अ‍ॅप हटवली, अशी माहिती केंद्र सरकारने संसदेत दिली. म्हणजे ही अ‍ॅप चोरवाटेने नव्हे, मुख्य बाजारातूनच फोनमध्ये शिरत होती.

दुसरा धोका व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ‘एपीके’ फाइलचा. कधी पीएम किसानचा हप्ता, कधी वाहतूक दंडाचे चलन, तर कधी लग्नपत्रिका अशा नावांनी ही फाइल येते. ती बसवली की एसएमएस वाचण्याची आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागते. पहिल्या परवानगीने ओटीपी भामट्यांकडे जातो, दुसरीने पडद्यावर काय चालले आहे ते त्यांना दिसते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबता येतात. फाइल बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाच्या क्रमांकावरून येते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. म्हणून गावच्या ग्रुपवर किंवा पाहुण्यांकडून आली म्हणून ती खरी, असे मानता येत नाही.

मग बाहेरची अ‍ॅप पूर्ण बंद करावीत का?

इथे खरा पेच आहे. इंटरनेटवरून थेट घेतलेल्या अ‍ॅपमध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत ५० पटींहून अधिक घातक सॉफ्टवेअर आढळते, असे गुगलचे म्हणणे. त्याच आधारे ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने नवा नियम जाहीर केला. अँड्रॉइडसाठी अ‍ॅप बनवणाऱ्या प्रत्येकाने गुगलकडे ओळख पटवावी, अन्यथा ते अ‍ॅप प्रमाणित फोनवर बसणार नाही. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांत सुरुवात आणि २०२७ पासून जगभर विस्तार, असे वेळापत्रक देण्यात आले.

याला ‘एफ-ड्रॉइड’ने कडाडून विरोध केला. २०१० पासून चालणाऱ्या या भांडारात फक्त मुक्त अ‍ॅप मिळतात. तिथे अ‍ॅप खुल्या कोडवरून तयार केले जाते आणि त्यात जाहिरात किंवा माग काढणारा भाग असेल तर तसा इशारा छापला जातो. ओळख पटवण्याची सक्ती झाल्यास असे स्वयंसेवी भांडार टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. टीकेनंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवण्याची तयारी दाखवली.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरची एपीके आणि एफ-ड्रॉइडवरचे अ‍ॅप एकाच दाराने फोनमध्ये येतात. फरक आहे तो तपासणीचा. एकाचा कर्ता अज्ञात आणि कोड बंद, तर दुसऱ्याचा कोड सर्वांसमोर. दारालाच कुलूप घातले तर भामटा थांबेल, पण किल्ली कायमची एकाच कंपनीकडे जाईल.

मुक्त सॉफ्टवेअर पूर्ण सुरक्षित असते का?

तसे नाही. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. ते पेरणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदतनीस असल्याचे भासवून विश्वास मिळवला होता. चोरदार सापडले ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला. संगणकावर लॉग-इन व्हायला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांना खटकले आणि त्यांनी कारण शोधले. खुलेपणामुळे घुसखोरी टळली नाही, पण ती उघडकीस आली. कोड बंद असता तर त्या अर्ध्या सेकंदाचे मूळ शोधणे बाहेरच्या माणसाला फार अवघड गेले असते.

मराठीला यातून काय मिळाले?

जुन्या डीटीपी केंद्रांत काम केलेल्यांना हा अनुभव नवा नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की अक्षरांच्या जागी खुणांचा गिचमिडा दिसे. मजकूर आपला आणि किल्ली फाँट कंपनीकडे, अशी ती अवस्था होती. युनिकोडच्या खुल्या मानकाने ती संपवली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो ज्या सॉफ्टवेअरवर चालतो तेही मुक्तच. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीत वापरता येतात. केरळने शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. महाराष्ट्रात गावोगावी पोहोचलेल्या एमएस-सीआयटीने संगणकाची ओळख करून दिली, मात्र ती प्रामुख्याने विंडोज आणि एमएस ऑफिसच्या माध्यमातून. त्यामुळे संगणक म्हणजे विंडोज, असा समज अनेकांच्या मनात पक्का झाला.

कायदा काय सांगतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मात्र कंपन्यांवरील मुख्य बंधने १८ महिन्यांनंतर लागू होतात. उल्लंघनासाठी कमाल दंड २५० कोटी रुपये आहे. कोणती माहिती कशासाठी घेतली जात आहे, याची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. इंग्रजी अटींखाली ‘मान्य आहे’ दाबणाऱ्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, असे केंद्राचे धोरण २०१५ पासून आहे. आरोग्य सेतू अ‍ॅपवर टीका झाल्यानंतर मे २०२० मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला करण्यात आला. ज्या सरकारी अ‍ॅपशिवाय नोंद आणि भरपाई अडते, त्या प्रत्येकाकडून हीच अपेक्षा ठेवणे गैर नाही. सक्तीचा काटा तर सर्वात आधी तपासता आला पाहिजे.

आज मोबाइलमध्ये काय करता येईल?

– क्रोम वापरायचेच असेल तर साइट सेटिंग्जमध्ये जाऊन थर्ड पार्टी कुकी बंद करा. बदल करायची तयारी असेल तर फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन जोडा. ब्रेव्ह हा खुल्या कोडचा दुसरा पर्याय आहे.

– गुगलच्या सेटिंग्जमधील ‘जाहिराती’ या भागात जाऊन जाहिरात ओळख क्रमांक पुसून टाका.

– एसएमएस, संपर्क आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी या तीन परवानग्या कोणकोणत्या अ‍ॅपकडे आहेत ते तपासा. कर्ज, टॉर्च किंवा खेळाच्या अ‍ॅपला त्यांची गरज नसते.

– व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर यांना ‘अनोळखी अ‍ॅप बसवण्याची’ दिलेली परवानगी काढून घ्या. एपीके फाइल कुणीही पाठवली तरी उघडू नका.

– सातबारा, विमा, पीएम किसान यांसाठी शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर न दाबता पत्ता स्वतः टाइप करा. पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे का, ते पाहा.

– फसवणूक झालीच तर आधी फोनचे इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवण्याची शक्यता सर्वाधिक असते.